माळ्यावरच्या पाठी

टेंभी नाक्याची देवी विसर्जनाला निघाली की माझं बसणं संपतं. तसं नवरात्रभर मी कुठे बसलेली असते? मंडपांच्या कमानी, फायबरचे खांब, हत्तींच्या सोंडा, ऐनवेळी कुठे टवका उडाला म्हणून आलेले फोन, हे चालूच असतं. पण त्या धावपळीला कारण असतं. दसऱ्यानंतर शीळफाट्याच्या माझ्या गाळ्यात ऊन तिरकं यायला लागतं, ऑक्टोबरच्या उकाड्यात रेझिनचा वास दुप्पट होतो, आणि मी काही कारण नसताना उठते. ब्रश धुते. धुतलेला ब्रश पुन्हा धुते. माळ्याच्या शिडीपर्यंत जाते आणि वर न चढता परत येते. नवरा म्हणतो, तुझ्या पायाला भिंगरी लागलीय. जगाला बसायच्या जागा करून देणारी बाई स्वतः दोन मिनिटं बसत नाही, ह्याची त्याला भारी गंमत वाटते.

मोसम ज्युनियरचा असतो. खाली दक्षिणेत दर डिसेंबरात पोरांची एक मोटारशर्यत होते. गाडीला छप्पर नाही, चाकं अंगाबाहेर, आणि आत एकाच माणसाची जागा. एकोणिसावं लागलं की पोरगं बाद. शर्यतीचं खरं नाव लांबलचक आहे आणि दर दोनतीन वर्षांनी बदलतं, म्हणून आम्ही सगळे नुसतं ‘ज्युनियर’ म्हणतो. आमच्या बाजूची, म्हणजे ठाण्याची, कल्याणची, डोंबिवलीची जी पोरं तिथे उतरतात, त्यांच्या सीट मी करते.

सीट म्हणजे दुकानातून आणून बसवायची वस्तू नव्हे. गाडीच्या पोटात एक चिंचोळी पोकळी असते, तिच्यात पोरगं जवळजवळ आडवं होतं. वळणावर अंग फेकलं जातं, ते धरून ठेवायला त्याच्याच पाठीच्या मापाची सीट लागते. ती त्या पाठीवरच ओतावी लागते. माझ्याकडे गाडीच्या पोकळीएवढा लाकडी खोका आहे, त्यात पेडल आहेत, स्टिअरिंग आहे. पोरगं शर्यतीचा सूट घालून आत उतरतं, पाय पेडलवर, हात स्टिअरिंगवर. त्याच्या पाठीमागे मी मोठी काळी प्लॅस्टिकची पिशवी सारते आणि तिच्यात दोन डब्यांतली द्रव्यं ढवळून ओतते. फेस फुगत फुगत वर चढतो, शेक दिल्यासारखा गरम लागतो, अंग आणि लाकूड यांच्यातली सगळी रिकामी जागा भरून काढतो आणि पंधरा मिनिटांत घट्ट होतो. तेवढा वेळ हलायचं नाही. पाठ जशी असेल तशी कायमची उमटते.

ओतणं कोणालाही जमेल. जमत नाही ते पोराला त्याच्या खऱ्या बसण्यात आणणं. नवीन पोरं खोक्यात शिरली की फोटो काढायला बसल्यासारखी बसतात, छाती पुढे, मान वर. तसं कोणी पंधरा फेऱ्या बसू शकत नाही. म्हणून मी त्यांना शाळेचं विचारते, गर्लफ्रेंडचं विचारते, आणि शेवटी माझं हमखास चालणारं वाक्य म्हणते, "घरी आई ओरडते ना, तसा बस." पोरगं हसतं, सुटतं, खाली घसरतं. मग मी ओतते.

हे मला माझ्या बाने शिकवलं. आम्ही खाडीकाठचे कोळी. बा कल्याणच्या खाडीवर होड्यांना फायबरचा लेप द्यायचा आणि मी शाळा सुटली की होडीच्या पोटात वाकून घासकाम करायची. नाखव्याच्या बैठकीची फळी बसवताना बा घाई करू द्यायचा नाही. "पयले त्याला निवांत बसू दे," म्हणायचा, "मंग माप घे." नाखवा विडी पेटवायचा, गप्पा मारायचा, विसरून जायचा की माप घ्यायचंय. मग बा हळूच खुणा करायचा.

ज्युनियरची आणि माझी गाठ सदूमुळे पडली. सदू डोंबिवलीचा, आज एमआयडीसीत त्याचं गॅरेज आहे आणि पोरांची टीमही तोच चालवतो. शर्यतीच्या अगदी पहिल्या वर्षी तो स्वतः त्यात पळाला होता. तेव्हाच्या गाड्या म्हणजे नळ्या जोडून केलेला सांगाडा, त्यात एका छोट्या घरगुती गाडीचं इंजिन, आणि सगळ्यांना एकाच मापाची उघडी बैठक. पोरं पाठीमागे जे मिळेल ते कोंबायची. कोणी उशी, कोणी गोणपाट. सदूने आईची गोधडी नेली होती. चौथ्या फेरीला ती सुटून मागे उडाली आणि मागून येणाऱ्याच्या गाडीवर अंथरली गेली, असं तो सांगतो. खरं किती, देव जाणे. पण पुढच्या उन्हाळ्यात तो फुटलेलं नाक घेऊन आमच्या होड्यांच्या शेडमध्ये आला, म्हणजे गाडीचं नाक, आणि म्हणाला, "ताई, हे सांधून द्या. आणि ती गोधडी राहील असं कायतरी करता येईल का?" मी तेव्हा तिशीच्या आतली. करून दिलं.

तेव्हापासूनच्या सीट माळ्यावर आहेत. वय संपलं की पोरं सीट नेत नाहीत. वन बीएचकेत ती ठेवणार कुठे? मग माझ्याकडेच राहते. मी मागे मार्करने नाव लिहून वर टाकते. कोणाला ह्या शर्यतीचा इतिहास हवा असेल तर त्याने शिडी चढून वर यावं. सगळ्यात आतल्या सीट रुंद आणि उभ्या आहेत, कारण तेव्हा पोरं सतराव्या वर्षी, घरच्यांपासून लपून, कॉलेज बुडवून यायची. मधल्या रांगेत पाठी मागे कलायला लागतात. गाड्यांना पंख आले, पोकळी खाली गेली, पोरं आडवी झाली. अलीकडच्या सीट तर इतक्या अरुंद की एखाद्या लहान मुलीच्या फ्रॉकचं माप वाटावं. ही पोरं नवव्या वर्षापासून गो-कार्ट चालवतात, डब्यात मोड आलेले मूग आणतात आणि त्यांच्याबरोबर एक सर येतात जे मला काम शिकवतात. मी ऐकून घेते. जिंकलं कोण, हरलं कोण, ते मला सदूला विचारावं लागतं. पाठी मात्र मी एकही विसरलेले नाही.

एक सीट तिकडे नाही. ती मी माळ्याच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या साच्याआड, भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. ती माझ्या मुलीची, केतकीची. सात वर्षं झाली. त्या सीटबद्दल एक गोष्ट मला केतकीला सांगायची होती आणि मी ती सांगितली नव्हती. दसऱ्यानंतर मला बसवत नाही, ते त्यामुळे.

त्या वर्षीचा मोसम मला वासासकट आठवतो. पाऊस लांबला होता, दिवाळीतही गाळ्याची भिंत ओली होती, आणि केतकी अठरा संपवत आणली होती. तिचं ते शेवटचं ज्युनियर. पहिल्या तिघांना पुढच्या वर्षी मोठ्या गाडीत जागा मिळणार होती, बाकीच्यांना टाळ्या. तिने अभ्यास, झोप, मैत्रिणी, सगळं त्या एका रविवारावर लावलं होतं. रोज पहाटे दोरीवरच्या उड्या मारायची आणि खालच्या मजल्यावरच्या काकू रोज तक्रार करायच्या. उन्हाळ्याभरात ती दोन इंच वाढली, जुनी सीट खांद्यात रुतायला लागली, आणि डिसेंबर तोंडावर आला तेव्हा नवीन ओतायची ठरली.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मला पोक आहे. लहानपणापासून होड्यांत वाकून वाकून आलेलं. शाळेत मला ‘कोलंबी’ म्हणायचे. लग्न जमवताना माझी आई मला भिंतीला टेकवून बसवायची, म्हणजे दिसणार नाही. केतकी चालायला लागली तेव्हाच मी ठरवलं, हिला नाही येऊ द्यायचं. अभ्यासाला बसली, ताठ बस. जेवायला बसली, ताठ बस. रिक्षात, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, ताठ बस गं. दिवसातून किती वेळा म्हणत असेन, मोजलं नाही.

त्या दिवशी ती खोक्यात उतरली. मी द्रव्यं ढवळत होते, ढवळल्यावर वेळ थोडा असतो. मान वर करून पाहिलं तर ती खाली घसरून, खांदे पाडून, आरामात बसली होती. शेकडो पोरांना जसं बसवायला मी जीव टाकते, तशी. आणि माझ्या तोंडून गेलं, "ताठ बस गं."

ती ताठ बसली. मी ओतलं.

मला कळलंसुद्धा नाही. घट्ट झालेल्या फेसावर काळी टेप गुंडाळताना नाही, सीट गाडीत बसवताना नाही. सरावाच्या फेऱ्या तीन-चारच असतात, तेवढं कोणीही ताठ बसतं. शर्यतीच्या दिवशी मी कठड्याशी उभी होते, सदू शेजारी घड्याळ घेऊन. केतकी तिसऱ्या नंबरवर निघाली. तिचं पांढरं हेल्मेट गाडीच्या कडेवर छान उचललेलं दिसत होतं, आणि मला वाटलं, जरा जास्तच वर आहे का? पुढच्या फेरीला ते किंचित खाली होतं. त्याच्या पुढच्या फेरीला आणखी. आजूबाजूला लोक नंबर बघत होते, मी हेल्मेट बघत होते. पोरगी त्या सीटमधून खाली घसरत होती. का, ते पुढे घरी कळलं: कमरेमागे पोकळी, खांद्याला कड, आणि गुडघे वर आल्यामुळे ब्रेकवर पाय पुरता दाबला जाईना. सातव्या फेरीला अर्धंच हेल्मेट दिसायला लागलं तेव्हा ती पाचवी होती. संपताना सहावी. सदू म्हणाला, "दमली पोरगी. शेवटी शेवटी हातातून गेली." मी कठडा सोडून तिच्या गाडीकडे निघाले.

गाडीतून उतरल्यावर ती रडली नाही. "सॉरी आई," म्हणाली. मला का सॉरी, हे मी विचारायला हवं होतं. परतीच्या रेल्वेत सदू, केतकी आणि मी, आणि वरच्या बर्थवर ती सीट चादरीत गुंडाळून ठेवली होती, जणू तिकीट काढलेलं चौथं माणूस. घरी आल्यावर मी एकटीने ती उघडली. खांद्याशी टेप घासून फाटली होती, कमरेपाशी मात्र नवी कोरी, तिथे कोणी टेकलंच नव्हतं. मला पाठी वाचता येतात. माझी चूक माझ्यासमोर पांढऱ्यावर काळी होती. मी सीट माळ्यावर नेली आणि भिंतीकडे वळवली.

सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. आधी वाटलं, जखम ताजी आहे. मग वाटलं, परीक्षा आहे. मग ती इंजिनिअर झाली, ठाण्यात नोकरीला लागली, आणि वाटलं, आता खपली का काढायची? माणसाला न बोलायला कारणं काय, लागतील तेवढी मिळतात. केतकी शर्यतीचा विषय काढायची नाही. टीव्हीवर गाड्या दिसल्या तर चॅनेल बदलायची. शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये स्कूटरवर तासतास अडकायची आणि घरी येऊन हसत सांगायची, "आज पण सहावीच आले." तिच्याबरोबर मीही हसायची आणि मग रात्रभर कूस बदलायची.

यंदा दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी सदूचा फोन आला. "ताई, ऐका ना. ह्या वेळी शर्यतीआधी जुन्या पोरांना एकेक फेरी देतायत. मी पण जाणार, पोट मावलं तर. केतकीला विचारा." मला वाटलं ती नाही म्हणेल. मी फोन तिच्या हातात दिला. सदूचं ऐकत तिने खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "येते."

मग मला म्हणाली, "माझी सीट आहे ना गं वर? तीच चालेल. एकच तर फेरी आहे."

एकच फेरी. एक फेरी कोणीही ताठ बसतं. सीट खाली काढायची, धूळ पुसायची, द्यायची, विषय संपला. आठवडाभर मी त्या शिडीपाशी इतक्या वेळा गेले की शेजारच्या गाळेवाल्याने विचारलं, काय हरवलंय का. शनिवारी रात्री जेवताना मी म्हणाले, "जुनी नको. उद्या ये गाळ्यावर, नवीन ओतू."

"एका फेरीसाठी?"

"ये म्हटलं ना."

रविवारी दुपारी ती आली. बाहेर ट्रेलर जात होते, त्यांच्या धक्क्याने पत्रे थरथरत होते. तिने जुना सूट चढवला, पोटावर चेन लागली नाही, दोघी हसलो. खोक्यात उतरली, पाय पेडलवर टाकले, आणि ऑफिसच्या खुर्चीत आठवडाभर बसून आलेली बाई बसेल तशी बसली. मी ह्या वेळी तोंड शिवून घेतलं होतं. पिशवी सारली, ढवळलं, ओतलं. फेस चढायला लागला.

"गरम आहे गं," ती म्हणाली.

"हलू नकोस. पंधरा मिनिटं." आणि मग मी सांगितलं. तिच्या मागे उभी होते, तिचं तोंड मला दिसत नव्हतं, माझं तिला. ताठ बस म्हणाल्याचं सांगितलं, हेल्मेट खाली जाताना पाहिल्याचं सांगितलं, टेप कुठे फाटली होती आणि कुठे नव्हती तेही सांगितलं. "तू दमली नव्हतीस," म्हटलं. "सीट चुकली होती. मी चुकवलेली."

एक ट्रेलर गेला. पत्रे थांबले.

"किती मिनिटं राहिली?" तिने विचारलं.

"आठ."

"म्हणजे मला उठून जाता येत नाही तेव्हा सांगतेयस."

"हो."

"ग्रेट आहेस आई तू." तिचा आवाज सपाट होता. मग म्हणाली, "मला वाटलेलं माझ्यातच दम नाही. सगळे तेच बोललेले. सदूकाका बोलला, पप्पा बोलले. मी सोडून दिलं ना सगळं. सात वर्षं मी स्वतःला तेच सांगतेय, की तुला झेपत नाही. इंटरव्ह्यूला जाताना पण तेच यायचं डोक्यात. आणि तुला माहीत होतं?"

"घरी आल्यावर कळलं."

"मग घरी आल्यावर सांगायचं ना गं!"

चूक एका क्षणाची होती. गप्प राहणं सात वर्षांचं होतं, आणि ते रोज मी नव्याने केलं होतं. मी म्हणाले, "घाबरले." ह्याहून मोठं कारण शोधून सापडलं नाही. तिचे खांदे हलायला लागले. इतक्या वर्षांत मी कुठल्याही पोराला ओतताना रडू दिलं नाही, सगळी सीट वाया जाते. तिला हलू नकोस म्हणायला माझी जीभ उचलली नाही. मी नुसती उभी राहिले आणि फेस घट्ट होत गेला.

वेळ झाल्यावर मी तिला हात दिला. तिने घेतला नाही, कडेला धरून स्वतः उठली, आणि मागच्या नळावर तोंड धुवायला गेली. पाण्याचा आवाज येत राहिला, येत राहिला. मी पिशवी फाडली, कडा कापल्या, सीट बाहेर काढून जमिनीवर ठेवली.

पाठ सुरेख उमटली होती. रडली त्याची खूण म्हणून डाव्या खांद्याशी दोन सुरकुत्या, बाकी सगळं निवांत, खरं. मी ती पाहत राहिले, कारण ही पाठ माझ्या ओळखीची होती. डावा खांदा जरा खाली. मानेखाली गोलाई. कमरेतून पुढे झुकलेलं अंग. पंचवीस वर्षं ताठ बस, ताठ बस करून मी जे येऊ द्यायचं नाही म्हणत होते, ते तिथे होतंच. ती दमून, विसरून, खरीखुरी बसली की अशी बसत होती, आणि मी ते कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पाणी अजून वाहत होतं. मी दाराकडे पाहिलं, साडीचा पदर खोचला आणि त्या सीटमध्ये बसून पाहिलं. दुसऱ्या कोणाची सीट दुसऱ्याला कधी बसत नाही, मी माळ्यावरच्या कितीतरी बसून बघितल्या आहेत. ही बसली. कंबर टेकली, खांदे टेकले, मान आपोआप सैल पडली. बाहेर ट्रेलर जात होते आणि मी दसऱ्यानंतर पहिल्यांदा उठायचं विसरले.

नळ बंद झाला होता, ते मला कळलं नाही. केतकी दारात उभी होती. नाक लाल, केस ओले. रागावलेलीच होती, आणि काही दिवस राहणार होती, ते तिच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. तिने माझ्याकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"आई," ती म्हणाली, "ताठ बस."